तुमचे प्रश्न: औषधी गांजा कायद्यात बसला, पण पेशंटच्या हातात काय पडतं?

गेल्या महिन्यात या पानावर औषधी गांजाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि तेव्हापासून पत्रं यायची थांबतच नाहीयेत. जवळजवळ सगळी पत्रं घरातल्या कुणासाठी तरी लिहिलेली आहेत, मुलीसाठी, नवऱ्यासाठी, वडलांसाठी, आणि बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून विनंती केलीये, तर कुणाचंच नाव छापत नाहीये. मी वकील नाही, माझी बरीच वर्षं औषधांच्या काउंटरमागे गेलीयेत, त्यामुळे कायदा मी त्याच बाजूने बघते, म्हणजे कागदावर काय लिहिलंय आणि शेवटी पेशंटच्या पिशवीत काय जातं असं. आणि एक आधीच सांगून ठेवते, इथलं वाचून कुणीही चालू औषध आपल्या मनाने बंद करायचं नाही, फिट्सचं तर अजिबातच नाही.

माझ्या मुलीला ड्रावे सिंड्रोम (लहानपणीच सुरू होणारा फिट्सचा गंभीर आजार) आहे, वय सहा, वजन वीस किलो. तीन औषधं चालू आहेत तरी फिट्स येतातच. एका ग्रुपवर सीबीडी ऑइल सांगितलं, ऑनलाइन मिळतं, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही म्हणतात. मागवू का? — एक आई

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही चुकीच्या दिशेला बघत नाही आहात हे पहिल्यांदा सांगते, कारण गांजाच्या झाडातल्या सीबीडी या घटकाचा सगळ्यात पक्का पुरावा जर कुठल्या आजारात असेल तर तो नेमका ड्रावेसारख्या आजारातच आहे. २०१७ साली १२० मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात ज्यांना खरं औषध दिलं त्यांच्या झटक्यांच्या फिट्स महिन्याला साधारण १२.४ वरून ५.९ वर आल्या आणि ज्यांना नुसतं दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रावण दिलं त्यांच्या १४.९ वरून १४.१ वर, म्हणजे जवळपास होत्या तिथेच राहिल्या. निम्म्यावर येणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. पण पूर्ण बंद झाल्या अशी मुलं त्यात थोडीच होती, तेही लक्षात असू द्या, नाहीतर आशा फार वर जाते आणि मग आपटते.

त्या चाचणीतलं औषध म्हणजे एपिडायोलेक्स. अमेरिकेत जून २०१८ मध्ये आणि युरोपात सप्टेंबर २०१९ मध्ये त्याला रीतसर मंजुरी मिळाली. बाटली १०० एमएलची, काळपट काचेची, द्रावण तिळाच्या तेलातलं आणि स्ट्रॉबेरीच्या वासाचं, सोबत रेघा आखलेली सिरिंज, आणि प्रत्येक एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम सीबीडी. आता तुमच्या मुलीचं गणित मांडून बघू, म्हणजे ग्रुपवरचं तेल आणि हे औषध यात काय फरक आहे ते दिसेल. सुरुवात किलोमागे अडीच मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, म्हणजे वीस किलोला एका वेळी ५० मिलिग्रॅम, सिरिंजवर बरोबर अर्धा एमएल. आठवड्याने ते दुप्पट होतं, म्हणजे दिवसाचे २०० मिलिग्रॅम, आणि गरज पडली तर डॉक्टर त्याच्याही वर नेतात. ऑनलाइन मिळणाऱ्या तेलाच्या छोट्या बाटलीवर अख्ख्या बाटलीत मिळून ५०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती बाटली तुम्हाला अडीच दिवस पुरेल! ग्रुपवर लोक चार थेंब, सहा थेंब सांगतात ना, तो डोस चाचणीतल्या डोसच्या जवळपासही पोचत नाही.

आणि हे सगळं लेबल खरं आहे असं धरून. २०१७ मध्येच अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी प्रॉडक्ट्सची लॅबमध्ये तपासणी झाली होती, त्यातल्या साधारण ३१ टक्क्यांवरच लेबलप्रमाणे माल निघाला, बाकीच्यांत कमी किंवा जास्त, आणि १८ बाटल्यांत टीएचसी सापडलं, म्हणजे नशा आणणारा घटक. सहा वर्षांच्या मुलीच्या तोंडात काय जातंय तेच माहिती नाही अशी अवस्था.

साइड इफेक्ट नाहीत हे तर साफ चुकीचं आहे. तुम्ही औषधांची नावं लिहिली नाहीत पण ड्रावेमध्ये व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही दोन बहुतेक वेळा असतातच. व्हॅल्प्रोएटबरोबर सीबीडी दिलं की लिव्हरचे एन्झाइम वाढू शकतात म्हणून सुरू करायच्या आधी आणि नंतरही ठरावीक काळाने रक्त तपासतात. क्लोबाझाम शरीरात गेल्यावर त्यापासून जो पदार्थ बनतो तो सीबीडीमुळे रक्तात साचत जातो आणि मूल दिवसभर झोपाळलेलं राहतं, आईला वाटतं फिट्सनीच थकलीये. म्हणून हे न्यूरोलॉजिस्टच्या हातातूनच व्हायला हवं. भेटीला जाताना तोंडी विचारू नका, गेल्या तीन महिन्यांच्या फिट्सची तारीखवार वही, चालू औषधांचे डोस आणि वजन असं घेऊन जा आणि सरळ विचारा की मंजूर झालेलं कॅनाबिडिऑल (सीबीडीचं पूर्ण नाव) हिला देता येईल का, आणि आपल्याकडे ते मिळत नसेल तर एका पेशंटच्या नावाने परवानगी काढून आणायची सोय आहे का. बऱ्याच देशांच्या औषध कायद्यात अशी सोय असते, अर्ज डॉक्टरने करायचा असतो. आणि तोपर्यंत ग्रुपवरची बाटली नको.

गांजा, भांग, चरस, सीबीडी, टीएचसी, हेम्प, सगळं एकच का वेगळं? — गोंधळलेला वाचक

झाड एकच. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्याचा चीक म्हणजे चरस, आणि पानांची भांग. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाची व्याख्या करताना शेंडे धरलेत, शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्यात, भारताच्या १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यातही तशीच व्याख्या आहे. टीएचसी आणि सीबीडी हे झाडातले शंभराहून जास्त घटक आहेत त्यातले दोन मोठे, टीएचसीने नशा होते, सीबीडीने होत नाही. हेम्प म्हणजे ज्यात टीएचसी नावापुरतं आहे असं पीक, धाग्यासाठी नाहीतर बियांसाठी घेतलेलं. औषध म्हणून बोलताना "गांजा चालतो का" हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे, कुठला घटक, किती, कशातून आणि कुठल्या आजाराला हे चार शब्द जोडल्याशिवाय डॉक्टरलाही त्याचं उत्तर देता येत नाही.

मी ब्रिटनमध्ये राहतो, वय ४४, मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मज्जासंस्थेचा आजार) आहे. रात्री पायांचे स्नायू असे आखडतात की झोपच नाही. २०१८ मध्ये औषधी गांजा कायदेशीर झाला म्हणून पेपरात वाचलं होतं, पण माझा जीपी (इथला फॅमिली डॉक्टर) म्हणतो मी लिहून देऊ शकत नाही. मग कायदा बदलला तो कुणासाठी?

दादा, हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत निदान दहा पत्रांत आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१८ च्या जूनमध्ये एका आईने आपल्या एपिलेप्सी असलेल्या मुलासाठी कॅनडातून आणलेलं तेल हीथ्रो विमानतळावर जप्त झालं, मुलाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं, देशभर गदारोळ झाला आणि तेव्हाचे गृहमंत्री साजिद जाविद यांनी आधी त्या मुलापुरती परवानगी दिली आणि मग नियमच तपासायला घेतला. १ नोव्हेंबर २०१८ पासून नियम बदलला. पण बदलला म्हणजे काय झालं तर गांजापासून बनवलेली औषधं "काहीच वैद्यकीय उपयोग नाही" या यादीतून काढून मॉर्फीनसारख्या औषधांच्या यादीत घातली. लिहून द्यायचा अधिकार मात्र फक्त स्पेशालिस्ट रजिस्टरवरच्या डॉक्टरला. म्हणजे तुमचा जीपी तुम्हाला टाळत नाहीये, त्याच्या हातात पहिली चिठ्ठी खरोखरच नाहीये.

पण खरी अडचण पुढे आहे. यातली बहुतेक तेलं आणि फुलं लायसन्स नसलेली औषधं आहेत. औषध बनवणाऱ्या कंपनीने चाचण्या करून अमुक आजाराला अमुक डोस असं सिद्ध करून घेतलेलं असलं की डॉक्टरच्या मागे भिंत असते, ते नसलं की उद्या काही झालं तर जबाबदारी पूर्ण त्या सही करणाऱ्या माणसावर येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेला उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या नाइस या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुनाट दुखण्यासाठी चाचणीच्या बाहेर हे देऊ नका असं सांगितलं. मग सरकारी आरोग्यसेवेतला डॉक्टर सही करायला कचरतो, आणि ज्यांना परवडतं ते खाजगी क्लिनिकला जातात. कायदा सगळ्यांसाठी बदलला आणि औषध पैसेवाल्यांना मिळालं, हे मला मनापासून खटकतं. दोष एका डॉक्टरचा नाही, कायदा बदलताना पुराव्यासाठी चाचण्या कोण करणार आणि पैसे कोण भरणार हे ठरवलंच नाही त्याचा आहे. झाडाचं पेटंट मिळत नाही, मग कंपनी कशाला कोट्यवधी घालेल? तिथे सरकारनेच पैसे घालायला हवे होते असं माझं ठाम मत आहे.

आता तुमच्यापुरती चांगली बातमी. तुमचा आजार त्या मोजक्या आजारांपैकी आहे ज्यासाठी लायसन्स असलेलं औषध आहे, सॅटिव्हेक्स, ब्रिटनमध्ये २०१० पासून. तोंडात मारायचा स्प्रे आहे, एका फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी, पेपरमिंटची चव असते आणि तरीही पुष्कळांना कडू लागतो. गालाच्या आत किंवा जिभेखाली दर वेळी जागा बदलून मारायचा, नाहीतर एकाच जागी तोंड सोलवटतं. दिवसाला जास्तीत जास्त १२ फवारे, आणि तिथपर्यंत हळूहळू चढायचं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये. नाइसच्याच २०१९ च्या सूचनांत लिहिलंय की इतर औषधांनी भागलं नाही तर मध्यम ते तीव्र आखडलेपणासाठी याची चार आठवड्यांची ट्रायल द्यावी आणि शून्य ते दहाच्या मापावर निदान २० टक्के आराम पडला तरच पुढे चालू ठेवावं.

म्हणजे तुम्ही काय करायचं, जीपीकडे "गांजा द्या" असं न म्हणता एमएस टीमकडे रेफरल मागायचं आणि आजपासून एका वहीत रोज रात्री एक आकडा लिहायचा, शून्य म्हणजे काहीच आखडलं नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. बॅक्लोफेन, टिझॅनिडीन वगैरे स्नायू सैल करणारी औषधं आधी काय घेतलं आणि का सोडलं तेही लिहा. माझ्या ओळखीतल्या एका ताईंना पहिल्या भेटीत नकार मिळाला होता, दुसऱ्यांदा त्या अशी सहा आठवड्यांची वही घेऊन गेल्या तर त्याच डॉक्टरांनी ट्रायल सुरू केली, कारण चार आठवड्यांनी सुधारणा झाली का हे मोजायला त्यांच्या हातात आधीचा आकडा होता. स्पेशालिस्टने सुरू केलं की पुढची चिठ्ठी जीपी देऊ शकतो, दोघांत तसं ठरलं तर.

अमेरिकेतली माझी बहीण डॉक्टरचं कार्ड दाखवून दुकानातून आणते. पण डॉक्टर "चिठ्ठी" देत नाही, फक्त "शिफारस" देतो म्हणे. हा काय प्रकार?

हा शब्दांचा खेळ वाटतो पण त्यावर अख्खी व्यवस्था उभी आहे. १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजा पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे वैद्यकीय उपयोग नाही, आणि तिथल्या पदार्थाची चिठ्ठी कुठलाच डॉक्टर लिहू शकत नाही. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव २१५ पास केला तेव्हा त्यात जाणूनबुजून शिफारस हा शब्द वापरला गेला. केंद्र सरकारने डॉक्टरांची नियंत्रित औषधं लिहून द्यायची नोंदणी काढून घ्यायची धमकी दिली तर २००२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की पेशंटला सल्ला देणं हे बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, त्याबद्दल शिक्षा करता येणार नाही. पण २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेच नावाच्या एका पेशंटच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला की राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा पेशंटलाही लागू आहेच. मग २०१४ मध्ये संसदेने खर्चाच्या कायद्यात तरतूद घातली की राज्यांच्या औषधी गांजा योजना अडवायला न्याय खात्याने पैसे वापरायचे नाहीत. मे २०२४ मध्ये पहिल्या परिशिष्टातून तिसऱ्यात, म्हणजे वैद्यकीय उपयोग मान्य असलेल्या यादीत, न्यायचा प्रस्ताव सरकारने मांडला.

याचा तुमच्या बहिणीला काय त्रास होतो ते सांगते, कारण कोर्टाचे निकाल वाचून ते कळत नाही. चिठ्ठी नाही म्हणून फार्मसी नाही, फार्मसी नाही म्हणून फार्मासिस्ट नाही आणि इन्शुरन्सही नाही, सगळे पैसे खिशातून. डॉक्टरने "घ्यायला हरकत नाही" एवढंच लिहिलं आणि किती घ्यायचं, कुठलं घ्यायचं हे दुकानातला सेल्समन सांगतो. त्या मुलाला तिच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची काय माहिती असणार? म्हणून तिला सांगा की काय घेतेय त्याचा फोटो आणि त्यावरचे टीएचसी-सीबीडीचे आकडे तिच्या नेहमीच्या डॉक्टरला आणि केमिस्टला दाखवत जा, लपवू नको.

वडलांना कॅन्सर आहे, केमो चालू आहे, उलट्यांनी बेजार झालेत. नातेवाईक म्हणतात गांजाच्या तेलाने गाठच विरघळते. खरं का?

नाही. गाठ विरघळते असा माणसांवरचा पुरावा नाहीये आणि या वाक्यावर विश्वास ठेवून केमो थांबवलेली माणसं मी काउंटरवर पाहिलीयेत, नंतर त्यांच्या घरच्यांना पण पाहिलंय, त्यामुळे याबाबतीत मी गोड बोलणार नाही.

उलट्यांसाठी मात्र आधार आहे. टीएचसीचंच लॅबमध्ये बनवलेलं रूप, ड्रोनॅबिनॉल, अमेरिकेत १९८५ पासून कॅप्सूलमध्ये मंजूर आहे, आणि तसंच नॅबिलोन नावाचं दुसरं. पण ते पहिल्या पायरीवर नाही, नेहमीच्या उलटीच्या औषधांनी भागलं नाही तर पुढची पायरी म्हणून. तर आधी विचारा की वडलांना सध्याची उलटीची औषधं पूर्ण डोसमध्ये आणि वेळेवर चालू आहेत का, कारण मी पाहिलंय की उलटी झाल्यावर गोळी देतात आणि ती गोळी पण बाहेर येते, ती आधी द्यायची असते. वयस्क माणसाला टीएचसीने चक्कर येते, उठताना पडायला होतं, कधी भ्रम होतो. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तर ते आवर्जून सांगा, सीबीडीमुळे त्याचा असर वाढू शकतो.

आणि दुखणं शेवटच्या टप्प्यातलं असेल तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी ठेवायचे उपचार करणाऱ्या, डॉक्टरांना लवकर भेटा. जर्मनीत २०१७ च्या कायद्याने विमा कंपनीला अर्जावर उत्तर द्यायला काही आठवड्यांची मुदत दिली पण पॅलिएटिव्ह पेशंटसाठी तीन दिवसांची, ही तरतूद मला फार माणुसकीची वाटते. अशा पेशंटकडे तीन आठवडे नसतात.

हे सगळं नशेला मागच्या दाराने आत घेणं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्यासारख्यांनी त्याला औषध म्हणून प्रतिष्ठा देऊ नये. — एक निवृत्त शिक्षक

सर, तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. थायलंडचंच बघा, २०१८ च्या शेवटी वैद्यकीय वापराला परवानगी दिली, २०२२ च्या जूनमध्ये गांजा अंमली पदार्थांच्या यादीतूनच काढला पण त्याच्या जागी नीट कायदा केलाच नाही, रस्तोरस्ती दुकानं झाली आणि जून २०२५ मध्ये परत चिठ्ठीची सक्ती आणावी लागली. औषध हा शब्द घेऊन धंदा करणारे आहेतच. तरुण वयात जास्त टीएचसीने मानसिक आजाराचा धोका वाढतो, घरात स्किझोफ्रेनिया असेल तर अजूनच, गरोदरपणात तर नकोच.

पण सर, मॉर्फीन अफूपासूनच येतं आणि कॅन्सरच्या वेदनेत आपण ते देतो, तेव्हा कुणी मागचं दार म्हणत नाही, कारण त्याची नोंद, त्याचं कुलूप, त्याची चिठ्ठी सगळं ठरलेलं आहे. १९६१ च्या ज्या कराराने जगभर गांजावर बंदी आणली असं आपण समजतो त्याच्या सुरुवातीलाच लिहिलंय की वेदना कमी करायला अंमली औषधांचा वैद्यकीय वापर अपरिहार्य आहे आणि तो उपलब्ध राहिला पाहिजे. त्या करारात औषधासाठी गांजा पिकवायची वाटही आहे, सरकारी संस्थेने परवाने द्यायचे आणि पीक ताब्यात घ्यायचं, अफूसारखंच. नेदरलँड्सने नेमकं तेच केलं, सरकारी कार्यालय उत्पादकाकडून सगळा माल घेतं, प्रत्येक प्रकारात टीएचसी-सीबीडी किती ते मोजलेलं, बुरशी-कीटकनाशक तपासलेलं, आणि २००३ पासून फार्मसीतून चिठ्ठीवर. मला विचाराल तर दार कसं असावं याचा तो चांगला नमुना आहे. करारात गांजा इतकी वर्षं हेरॉइनच्या शेजारी सगळ्यात कडक यादीत पण होता, जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून २ डिसेंबर २०२० ला व्हिएन्नात संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ आयोगात मतदान झालं आणि २७ विरुद्ध २५ मतांनी तो त्या यादीतून काढला, भारताने बाजूने मत दिलं होतं. नियंत्रण उठलं नाही, पहिल्या यादीत तो अजून आहेच.

नियम कडक असावेत यात आपलं दोघांचं एकमत आहे असं मला वाटतं. फक्त वरच्या त्या आईला नियमातून जायला वाट मिळाली नाही तर ती ग्रुपवरची बाटली आणणारच, आणि त्या बाटलीवर कुणाचंच नियंत्रण नाहीये.

चिठ्ठीवरचं औषध घेऊन दुसऱ्या देशात जाता येतं का? आणि गाडी चालवलेली चालते का?

चिठ्ठी तुमच्या देशाची, सीमेपलीकडे ती आपोआप चालत नाही. युरोपातल्या शेंगेन (आपसात सीमेवर तपासणी नसलेल्या) देशांमध्ये फिरताना डॉक्टरने भरलेलं आणि तिथल्या अधिकृत कार्यालयाने शिक्का मारलेलं ठरावीक प्रमाणपत्र असेल तर ३० दिवसांपर्यंतचं औषध नेता येतं. कॅनडा आणि अमेरिका, दोन्हीकडे मिळतं म्हणून सीमेवरून नेलं तर गुन्हाच, वैद्यकीय कागद असला तरी. काही देशांत तर थोडंसं सापडलं तरी तुरुंग आहे. मूळ डब्यात ठेवा, चिठ्ठी बरोबर ठेवा आणि निघायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाकडून लेखी उत्तर घ्या, ट्रॅव्हल एजंटचं तोंडी "चालतं हो" ऐकून जाऊ नका. विमान कुठल्या देशात थांबतंय तेही बघा, तिथलाही कायदा लागतो.

गाडीचं अवघड आहे कारण टीएचसी रक्तात नशा उतरल्यावरही सापडतं. जर्मनीने ऑगस्ट २०२४ मध्ये टीएचसीची मर्यादा रक्तद्रवाच्या (सीरम) एका एमएलमागे ३.५ नॅनोग्रॅम केली आणि चिठ्ठीप्रमाणे घेणाऱ्या पेशंटला वेगळं धरलं, ब्रिटनमध्येही पेशंटला बचाव आहे पण गाडी नीट चालवता येत असेल तरच, ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत मात्र चिठ्ठी असली तरी टीएचसी सापडलं की गुन्हा. डोस सुरू करताना आणि वाढवताना गाडीला हातच लावू नका. नुसतं सीबीडी घेणाऱ्यांनी पण सांभाळा, झोप त्यानेही येते.

दुखण्यासाठी घरच्या घरी दोन झाडं लावली तर? आजारी माणसाला कोर्ट समजून घेईल ना?

काका, यावर अवलंबून राहू नका. ब्रिटनमध्ये २००५ साली अपील कोर्टापुढे अशीच माणसं आली होती, वेदनेसाठी नाइलाज होता म्हणून पिकवलं असं त्यांचं म्हणणं होतं, कोर्टाने तो बचाव मान्य केला नाही. कॅनडात उलटं झालं, २००० मध्ये एपिलेप्सीच्या एका पेशंटच्या खटल्यात ऑन्टॅरिओच्या अपील कोर्टाने म्हटलं की आजारी माणसाला सोय न ठेवता केलेली सरसकट बंदी घटनेत बसत नाही, आणि पुढच्याच वर्षी देशभराची योजना आली, त्यात पेशंटला स्वतःपुरतं पिकवायची परवानगी काढता येऊ लागली. जर्मनीत एमएसच्या एका पेशंटने वर्षानुवर्षं झगडून एप्रिल २०१६ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायालयातून घरी लागवडीचा परवाना मिळवला, कारण फार्मसीतलं औषध त्याला परवडत नव्हतं आणि विमा पैसे देत नव्हता. पुढच्या मार्चमध्ये सरकारने कायदा करून विम्यावर जबाबदारी टाकली, घरोघरी झाडं लागण्यापेक्षा ते बरं म्हणून.

यात लक्षात घ्या की त्या जर्मन पेशंटने आधी रीतसर अर्ज केला, नकार लेखी घेतला आणि त्या नकाराविरुद्ध लढला. तर तुम्हीही आधी तेच करा, डॉक्टरकडे मागा, नाही म्हणाले तर का नाही ते केस पेपरवर लिहून द्या म्हणा, विमा असेल तर तिथे अर्ज टाका आणि आलेलं प्रत्येक पत्र तारखेसकट एका फाइलला लावा. ती फाइल वकिलाला दाखवता येते, कुंडीतलं झाड नाही दाखवता येत. आणि कुठे दुखतं, कधीपासून आणि आतापर्यंत काय काय घेतलं ते मला सविस्तर कळवा, पत्रात तेवढंच राहिलंय.